हातमोज्यांच्या चार जोड्या

१ जानेवारी, बुधवार

कारखान्याने सगळ्यांना नव्या वर्षाची डायरी दिली. देताना विरुपाक्ष सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, की आपल्या धंद्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. कारखान्याच्या वहीत कन्नड नाहीतर इंग्रजी लिहावं लागतं, तिथे माझी वाक्यं लंगडतात. ही डायरी माझी आहे. बसवकल्याणच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले तसं हिच्यात लिहिणार. वेळही ठरवली. पहाटे अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापायला पाऊण तास लागतो, तेवढा वेळ माझा, नाहीतर मग रात्री जेवणं उरकल्यावर.

परवा येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, कोहिनूर गावी दिरांच्या शेतात गेलो होतो. भज्जी, आंबिल, पोट फुटेस्तोवर खाल्लं. खताचे एक साहेबही पंगतीला होते, त्यांचं बोलणं काही संपेना. येताना दिरांनी टेम्पोत तुराट्यांचे सहा भारे टाकून दिले. तुरीच्या ह्या काड्या भडकन पेटतात आणि त्यांची राख पिठासारखी मऊ पडते. सासूबाई ती चाळून डब्यात भरून ठेवतात. आम्ही भांडी अजून राखेनेच घासतो आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

लाज कशाची, ह्याच राखेने मला नोकरी दिली. हुमनाबादच्या हायवेला माझी खानावळ होती. विरुपाक्ष सर तिथे जेवायला यायचे. एकदा स्टीलचा ग्लास उजेडात धरून बघत बसले. मला वाटलं माशी पडली की काय. म्हणाले, "अक्का, वर्ष झालं येतो, ग्लासावर एक डाग बघितला न्हाई. आमच्या कारखान्यात येता का?" रस्ता रुंद करण्यात खानावळीची जागा जाणारच होती. ऑगस्टमध्ये रुजू झाले.

काम काय, ते दहा वेळा सांगूनही सासूबाईंना पटत नाही. मोबाईलमधली चिप बनवणारे मोठे कारखाने दूर आहेत. त्यांच्या यंत्रांतल्या काचेच्या कड्या आणि ॲल्युमिनियमच्या ताटल्या मळल्या की आमच्याकडे धुवायला येतात. आधी ॲसिडात, मग अगदी शुद्ध पाण्यात, मग भट्टीत वाळवून त्या क्लीनरूममध्ये येतात. तिथे आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून त्या दोन-दोन पिशव्यांत बंद करतो. आमचे हे लॉरीवर असतात. ते म्हणतात, "खानावळीत बी भांडीच घासत होतीस, हितं बी भांडीच घासायलीस." घासते तर घासते. स्नेहा, शिवम्मा आणि मी अशा तिघींच्या टेबलावर मी मोठी, आणि पाच महिन्यांत एकही माल परत आलेला नाही.

६ जानेवारी, सोमवार

टेबलावर चौथी आली. नाव मैत्रेयी, वय तेवीस-चोवीस, गाव ठाणाकुशनूर. केमिस्ट्रीचा डिप्लोमा झालाय. वडील रत्नपाल तिकडेच शाळेत मास्तर आहेत. बौद्ध घरातली आहे. असो, आपल्याला कामाशी काम. पॅकिंगही करणार आणि तपासणीचे नमुनेही तीच काढणार. नमुने बेंगळुरूच्या लॅबला जातात, आठवड्याने आकडे येतात.

पोरगी बोलायला फटकळ आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, तुमच्या आतल्या हातमोज्यांची टोकं पिवळी पडलीत की."

आम्ही हातमोजे दोन घालतो. आत घाम टिपायला पांढरे नायलॉनचे, वर निळे रबराचे. पांढरे दर शनिवारी बंद पिशवीत हैदराबादच्या लाँड्रीला जातात, ती पिशवी मीच भरते. घरी न्यायचे नाहीत असा नियम आहे. वापरून वापरून ते पिवळे पडतात, त्यात माझा काय दोष? आयुष्यात कुणी माझ्या हातातल्या वस्तूला पिवळी म्हटलं नव्हतं. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

काल संध्याकाळी ती जोडी डब्याच्या पिशवीत घालून गुपचूप घरी आणली. साबणाला हात लावला नाही, साबणाचा वास राहतो. माझी आई लुगडी धुवायची तसं केलं. बादलीभर पाण्यात दोन ओंजळी राख कालवून ठेवली, राख तळाशी बसली, वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून घेतलं. त्यात हातमोजे तासभर भिजवले. पाणीसुद्धा नळाचं नाही, वीस लिटरचा फिल्टरचा जार विकत आणला. मग दोनदा पिळून आतल्या खोलीत दोरीवर वाळत घातले, वरून धुतलेलं धोतर पांघरलं, म्हणजे धूळ नको. असे पांढरे निघाले की बघत राहावं.

आज कारखान्यात स्नेहाने तोंडात बोट घातलं. तिला आणि शिवम्माला सांगितलं, लगेच दोघींनी आपापल्या जोड्या काढून दिल्या. सरांना सांगायचं नाही असं ठरलं. चांगल्या कामाला कुणाची परवानगी मागायची?

मैत्रेयीची जोडी शेजारच्याच हुकाला होती. तीही घ्यावी असं मनात आलं, हात गेलाही होता. मग म्हटलं नको. तिचे नवेच आहेत.

घरी सासूबाईंनी बादलीत डोकावून विचारलं, "कुणाकुणाचे हायत गं?"

"स्नेहाचे आन शिवम्माचे, आत्याबाई."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि राखेचा डबा पुढे सरकवला.

११ जानेवारी, शनिवार

टेबलावर आमच्या तिघींचे हात बघण्यासारखे दिसतात. वरचे निळे हातमोजे चढवताना मी प्रत्येक बोटाचं टोक चिमटीत धरून ओढते, एक सुरकुती ठेवत नाही. स्नेहा आणि शिवम्मा माझंच बघून शिकल्या आहेत. मैत्रेयी मात्र मनगटाच्या काठाला धरून कसेबसे घालते. डिप्लोमात हातमोजे घालायला शिकवत नसावेत.

२० जानेवारी, सोमवार

माल परत आला.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. पोटॅशियम नावाचा धातू सापडला म्हणे. मर्यादा दहा आणि आमचा आकडा सत्तेचाळीस. सरांनी चौघींना उभं करून कागद वाचून दाखवला. मला तर हसूच आलं. आम्ही काय खिशात धातू घेऊन हिंडतो?

मैत्रेयी म्हणाली, "अक्का, ते डोळ्याला दिसत न्हाई. घामात असतंय, थुंकीत असतंय, केळ्यात असतंय." तिच्या म्हणण्याप्रमाणे हा डाग कड्यांवर राहिला तर त्या यंत्रात बनणारी चिप बिघडते. बोटाने लावलेलं मीठसुद्धा चिप बिघडायला पुरतं.

संध्याकाळपर्यंत डब्यात केळं आणायला बंदी आली.

२२ जानेवारी, बुधवार

सरांनी शोध घ्यायचं काम मला दिलं. म्हणाले, "अक्का, नोडि, बघा, तुमची नजर चांगली आहे." मी कामाला लागले. स्नेहाची पावडर बंद केली, काजळ बंद केलं. शिपायाला तंबाखू खाऊन दाराजवळ उभं राहायला मनाई केली. शिवम्मा रोज पूजा करून कपाळावर विभूती लावून येते. मी तिला म्हटलं, कपाळावरची राख मास्कच्या आत कशाला नेतेस बाई, पुसून ये. तिने मुकाट्याने पुसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

मी स्वतःलाही सोडलं नाही. डोक्याला तेल बंद. आणि हातमोजे आता एकदा नाही, दोनदा राखेच्या पाण्यातून काढते. दुसऱ्या खेपेला राखही जास्त घालते. आमच्या बाजूने कसर राहायला नको.

२८ जानेवारी, मंगळवार

दुसऱ्या मालाचा आकडा त्रेसष्ट.

गिऱ्हाईक कंपनीचं पत्र आलं आहे. पुढच्या महिनाअखेर म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत कारण लेखी द्या आणि एक माल स्वच्छ काढून दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. सरांचा चेहरा उतरला होता. "डिसेंबरपर्यंत सगळं बरोबर होतं," ते म्हणाले. "जानेवारीत इथं बदललं काय?"

 सगळ्यांनी मैत्रेयीकडे बघितलं. मीसुद्धा बघितलं.

ती खाली मान घालणारी नाही. म्हणाली, "सर, मी बदलले. मग माझ्यापासून तपासा."

१ फेब्रुवारी, शनिवार

मैत्रेयीने नवीन पद्धत काढली. आजच्या मालातल्या प्रत्येक पिशवीवर बांधणारीचं नाव लिहिलं आणि चौघींचे नमुने चार वेगळ्या बाटल्यांतून लॅबला पाठवले, तशाच चार बाटल्या सील करून इथे ठेवल्या. मला ते आवडलं नाही. शाळेत मास्तर उवा तपासायचे तेव्हा असं वाटायचं.

कपडे बदलताना ती माझे हातमोजे उलटसुलट करून बघत होती. "अक्का, तुमच्या तिघींचे कसे पांढरेशुभ्र येतात? माझे तर पंधरा दिवसांत पिवळे झालेत."

"लाँड्रीवाल्याला इचार," मी म्हटलं. "आमचं नशीब."

तिच्या जोडीची टोकं खरंच पिवळी झाली होती. ह्या शनिवारी तिचे तेवढे हैदराबादला गेले. जाऊ देत, नियमवाली आहे ती.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार आकडे आले. मी एकाहत्तर. शिवम्मा साठ. स्नेहा अठ्ठावन्न. मैत्रेयी चार.

चार!  टेबलावरची सगळ्यात घाणेरडी बाई मी. राखेने घासलेल्या ग्लासात लोकांना मी त्यांची तोंडं दाखवली आहेत.

सरांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "अक्का, नमुने कोण काढतं?" मी म्हटलं, मैत्रेयी. "बाटल्या कोण धुतं?" मैत्रेयी. "मग तिचाच आकडा बरा कसा?" त्यांच्या मते तिने स्वतःला वाचवायला आमच्या बाटल्यांत काहीतरी मिसळलं आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दुपारी सरांनी तिला बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत या, सोमवारपासून येऊ नका, आणि कंपनीला कारण म्हणून तुमचंच नाव कळवावं लागेल. असं कागदावर एकदा आलं की ह्या लाइनीत तिला कुणी दारात उभं करणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "उरलेल्या बाटल्यांचं सील कुणी फोडू नका सर. कुणालाही परत तपासता येतील."

११ फेब्रुवारी, मंगळवार

खरं लिहायचं तर काल मला हलकं वाटलं. माझ्या एकाहत्तरला कारण मिळालं.

पण आज दिवसभर मी तिला बघत होते. जायला चार दिवस उरलेली बाई कशीतरी काम उरकते. ही प्रत्येक कडी पहिल्या दिवशीसारखी उजेडात फिरवून बघत होती. खानावळ बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी मीही सगळे ग्लास असेच घासले होते, दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होते तरी. माल खराब करणारी बाई असं काम करील का? मग माझ्या बोटांत काय आहे?

डबा खाताना ती एकटीच खिडकीजवळ बसली होती. रोजच तिथे बसते. तिला आमच्यात बस असं कधी कुणी म्हटलं होतं का, ते आठवून बघितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहिताना चूल पेटलेली आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

आत्ता थोड्या वेळापूर्वी सासूबाई कालची राख सुपात घेऊन वांग्याच्या आळ्यात टाकत होत्या. मी सहज म्हटलं, "आत्याबाई, एवढी कामून टाकायलाव, रोपं जळतील."

"जळत न्हाईत, जोर धरतात. येळवसेला ते खताचे साहेब काय बोलत होते, ऐकलं न्हाईस व्हय? राखत पोटॅश असतंय म्हणले. पोतं इकत आणायची गरज न्हाई. तुराटीच्या राखत तर लई असतंय."

पोटॅश. आणि आमच्या कागदावर पोटॅशियम.

नावं सारखी असली म्हणून वस्तू एक असते असं नाही, असं मी मला सांगून बघितलं. मग मागची पानं उलटली. ऑगस्ट ते डिसेंबर हातमोजे हैदराबादला जात होते, माल पास होत होता. सात जानेवारीला मी जोडी घरी आणली. नंतर माल परत. दोनदा भिजवायला लागले, आकडा वाढला. सगळं माझ्याच अक्षरात आहे. तिघींचे आणले, तिघींचे वाईट. एकीचे नाही आणले.

पाणी उकळून उतू चाललं आहे. आंघोळीला उठायला पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर धीर झाला नाही. स्नेहाला काहीतरी सांगून टाळलं, सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि दहावीच्या निकालाला घाबरावं तशी घाबरले होते.

आज मैत्रेयी नमुन्याच्या खोलीत एकटी होती. मी दार लोटून घेतलं आणि माझी पांढरी जोडी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "ह्याच्यात काय हाय, आत्ताच्या आत्ता सांगता येतंय का?"

तिने पाण्याचा मीटर लावला. त्यावर अठरा दिसलं म्हणजे पाण्यात पाण्याशिवाय काहीच नाही. आधी तिची स्वतःची पिवळी जोडी एका भांड्यात बुडवली, आकडा उतरून चौदावर थांबला. मग दुसऱ्या भांड्यात माझी. आकडा बारा, सात, तीन असा कोसळत गेला आणि एकच्या खाली जाऊन थांबला.

"कशात धुतलेत?" तिने विचारलं.

"राखंच्या पाण्यात. आमच्या घरी."

ती खुर्चीवर बसली. मग तिने मला समजावून सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं, की राखेचं निवळ पाणी म्हणजे पोटॅशियमचंच पाणी. ते हातमोज्याच्या धाग्यात मुरून बसलं. मी त्याच बोटांनी वरच्या निळ्या हातमोज्याची टोकं चिमटीत धरून ओढत होते. तिथून ते निळ्यावर, निळ्यावरून कड्यांवर. म्हणून काठाला धरून घालायचे असतात. "पिवळेपणात काही न्हाई अक्का, तो निळ्या रबरातल्या औषधाचा डाग हाय. ते साफच होते."

मी म्हटलं, "तुझी नोकरी जाऊ देणार न्हाई. आत्ता सरांकडं जाते."

मी दाराशी पोचले तेव्हा तिने विचारलं, "स्नेहाचे नेले, शिवम्माचे नेले. माझे कामून न्हाई नेले?"

"तुझे नवे होते."

"पंधरा दिवसांत पिवळे झालते. मी दाखवले होते तुमाला."

 खोलीत मीटरची बारीक शिट्टी वाजत होती. शेवटी म्हटलं, "घरी इचारलं असतं, कुणाचे हायत म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. तिने दोन्ही भांडी ओतली, धुतली, उपडी घातली. मग म्हणाली, "चला रेणुकाबाई, सरांकडं."

आठवडाभरापूर्वी कुणी सांगितलं असतं, की ह्या पोरीच्या तोंडून अक्का हा शब्द गेला म्हणून तुला रडू येईल, तर मी हसले असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सर आधी चिडले आणि मग त्यांना इतकं हायसं वाटलं की हसायलाच लागले. "अय्यो अक्का, ग्लास बघून तुम्हाला आणलं, आणि ग्लासामागची राख विचारायची राहिली!" त्यांनी मैत्रेयीची माफी मागितली, शनिवारची गोष्ट रद्द केली. सील केलेल्या बाटल्या दुसऱ्या लॅबला पाठवल्या. मला दहा दिवस टेबलावरून काढलं. हातमोजे घालण्यापासून सगळं पुन्हा शिकायचं, मैत्रेयीकडून, आणि तिने पास केलं तरच परत. हे मला मान्य होतं.

मग कंपनीला द्यायचा कारणाचा फॉर्म काढला. चूक काय झाली, कुणाकडून, कशी थांबवली, हे भरून झालं. शेवटी एक रकाना होता, एका व्यक्तीचा आकडा इतरांपेक्षा वेगळा असल्यास कारण लिहा. सर म्हणाले, "लिहा, तिचे हातमोजे नवे होते."

मैत्रेयी म्हणाली, "ते खरं न्हाई सर. त्यांनी वापराची तारीख विचारली तर परत माझ्यावरच येईल."

"मग काय लिहायचं?"

सरांना कळत नव्हतं असं नाही. ते टेबलाकडे बघत होते. स्नेहा आणि शिवम्माही तिथेच होत्या. मला सुटायचं असतं तर सुटता आलं असतं. तिने दिले नाहीत म्हटलं असतं, विसरले म्हटलं असतं. पण ही पोरगी माझ्यापायी चार दिवस चोर ठरली होती. आणि सरांचं ते वाक्य आठवलं, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात मराठीतच लिहिलं. मैत्रेयीचे हातमोजे मी धुवायला घरी नेले नाहीत, कारण ती बौद्ध आहे आणि तिचे हातमोजे माझ्या घरच्या बादलीत नकोत असं मला वाटलं. बाकी तिघींचे नेले. म्हणून तिचे स्वच्छ राहिले. खाली सही केली.

सरांनी वाचलं. कान लाल झाले. "अक्का, हे बाहेर जाणार आहे. हे नको. आणि त्यांना मराठी येत नाही."

मैत्रेयीने फॉर्म स्वतःकडे ओढला. माझ्या वाक्यांखाली तिने त्यांचं इंग्रजी लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचून मला अर्थ सांगत होती, बरोबर आहे ना म्हणून विचारत होती. एक शब्द कमी केला नाही आणि एक जास्त घातला नाही. मग तिने फॉर्म सरांच्या हातात दिला. त्यांनी शिक्का मारला.

१६ फेब्रुवारी, रविवार

शिवम्माकडे जाऊन आले. विभूती पुसायला लावली त्याची माफी मागितली. ती म्हणाली, कारखान्यात नको ते बरोबरच आहे, पण सांगताना तुमच्या घरची राख आधी आठवायची होती. आम्ही दोघी हसलो, मग तिने चहा केला.

सासूबाईंना फॉर्मचं सगळं सांगितलं. त्यांनी राखेचा डबा झाकून ठेवला. मग म्हणाल्या, "माझं नाव बी लिहिलीस का त्येच्यात?" मी म्हटलं, न्हाई, माझंच लिहिलं. हात माझा होता. त्या उठून आत गेल्या. आज त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मैत्रेयी शिकवायला कडक आहे. आज अकरा वेळा हातमोजे घालायला लावले. टोकाला बोट लागलं की, "परत, बाई." बाराव्या वेळेला काही बोलली नाही, म्हणजे बरोबर आलं असावं. दुपारी डबा घेऊन मी खिडकीजवळ तिच्या बाकावर बसले. तिने सरकून जागा केली. 

भांडी घरी अजून राखेनेच घासतो. त्यात काही चूक नाही, असं तीच म्हणाली, फक्त कारखान्यात शिरताना कोपरापर्यंत तीन वेळा हात धुवायचे. मी पाच वेळा धुते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिने पास केलं. आज परत टेबलावर. चौघींच्या नावाने चार बाटल्या लॅबला गेल्या. महिना संपायला चार दिवस आहेत. सरांनी लॅबला विनवणी केली आहे, शुक्रवारपर्यंत आकडे द्या म्हणून.

शनिवारी लाँड्रीची पिशवी मीच भरली होती. सरांनी हे काम माझ्याकडून काढलं नाही, का ते मला माहीत नाही. चार जोड्या मोजून घातल्या, पिशवी बंद केली, वहीत नोंद केली.

१ मार्च, शनिवार

काल दुपारी आकडे आले. सर कागद घेऊन धावतच आले, कंपनीला आधीच पाठवलेही होते. मैत्रेयीला एक पेढा जास्त दिला आणि आमच्या समोर कागद ठेवून फोनवर बोलत बाहेर गेले.

स्नेहा झडप घालणार तेवढ्यात मैत्रेयीने कागद उचलला. नावांच्या रकान्यावर अंगठा आडवा धरला आणि आकडे तेवढे माझ्यासमोर केले. चार, तीन, चार, चार.

"सांगा अक्का," ती म्हणाली, "ह्यातला तुमचा कोणता, माझा कोणता?"

मी खूप वेळ बघितलं. मला सांगता आलं नाही.